खांद्यात औषध ढकलणारं मशीन

तेलंगणातल्या नेरडीगोंड्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहतो, त्या शाळेतल्या बाईंनी माझा खांदा वाचवला. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. गाव लांब, बुलढाण्याकडं. इथं हायवेवरच्या ढाब्यात मी तंदूरच्या रोट्या लावतो. उजवा हात दिवसभर भट्टीत आत-बाहेर. एक दिवस तो खांद्याच्या वर जाईना. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली. मालक म्हणाला, "हाथ ठीक कर ले, नहीं तो मैं दूसरा आदमी देखता हूँ." माझ्या पगारावर गावाकडचं घर चालतं. माझी झोपच उडाली.

सुट्टीच्या दिवशी बाई मला आदिलाबादला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं घेऊन गेल्या. मॅडमनी खांद्यावर औषधाचं जेल लावलं आणि त्यावरून सोनोग्राफीसारखा दांडा फिरवला. सोनोग्राफीसारखं मशीन असतं हे ऐकून ढाब्यावरच्या पोरांनी आधीच विचारून घेतलं होतं, "काय भाऊ, कितवा महिना?" मॅडमनी समजावलं, यातल्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण औषध कातडीतून दुखऱ्या जागी ढकलतात, पोटाला त्रास नाही. "गरम लगा तो बोलना," म्हणाल्या.

दांडा हाडावर आला की आतून चटका बसायचा. पण रोज भट्टीत हात घालणाऱ्यानं एवढ्याशा चटक्याला ओरडायचं? शिवाय मॅडम एवढं करतात, त्यांना नावं कशी ठेवायची? जितकं भाजेल तितकं औषध आत जाईल, असंही वाटायचं. मी "नहीं, नहीं" म्हणत राहिलो. दोन-तीन खेपांनंतर खांदा आणखीच ठणकायला लागला.

पुढच्या खेपेला बाईंची नजर माझ्या पायांवर गेली. "मॅडम, थांबा! काऊन रे, पायाची बोटं काऊन आवळून राह्यला?"

"थोडं भाजते, बाई."

"मंग सांगत काऊन नाई? तंदूर हाये का हे?"

मॅडमनी मशीन बंद केलं. मशीनला दुखणं कळत नाही, जोर किती ठेवायचा हे तुझ्या सांगण्यावरच ठरतं, असं त्या हिंदीतून जरा रागानंच बोलल्या. मग जोर कमी केला. मीही खरं सांगू लागलो. सोबत घरी व्यायाम होताच. हळूहळू हात वर जायला लागला, आणि मालकानं दुसरा माणूस शोधला नाही.

बाईंची मुलगी नर्सिंग शिकते. तिच्या लग्नात सगळ्या पंगतींच्या रोट्या मीच लावणार, मजुरी न घेता. बाईंना तसं सांगितलं तर म्हणतात, "आधी पोरीले इचार, लग्न करते का!" तिनं कधीही करावं. मी जिथं असेन तिथून येईन, हा माझा शब्द.