पतंगाखालची पाटी

“खाले लिखेल लोके वाचतस नही, वर लिखेल वाचनंच पडस,” असं फकीरभाई एकदा म्हणाले होते.

नंदुरबारच्या बाजारात एकेकाळी निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश डब्यातच वाळले. फकीरभाईंनी कुरकुर केली नाही, ते गच्चीवर जाऊन बसू लागले. पतंगाच्या दोरीवर हात लहानपणापासूनचा. एकदा वर बघता बघता त्यांना वाटलं, गावातल्या भिंती भरल्या, ही एवढी मोठी मात्र कोरीच आहे.

पुढचे दोन हिवाळे त्यात गेले. एका दोरीवर तीन मोठे पतंग आणि त्यांच्याखाली दोन बांबूंमध्ये ताणलेलं छत्रीचं पांढरं कापड. काळी अक्षरं कापून त्यावर त्यांच्या बायकोनं, अमिनाचाचीनं, शिवायची. अक्षर किती उंच असलं म्हणजे किती लांबून वाचता येतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. फकीरभाई चाचीला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचे आणि फोनवर विचारायचे, “क्या लिखेला है?”

“घर कब आते, ऐसा लिखेला है,” चाची म्हणायची.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहिली पाटी लागली ती रतिलालची. त्याचं रनाळ्याला पशुखाद्याचं दुकान. बाजारात दुकान मांडणारे बाकीचे चार-पाच जण त्याच्या शब्दावर चालायचे. तो म्हणाला, “पहिला दिन दिवे लागापावत वर ऱ्हायनी, तं बठ्ठासनी पाटी तुमीच लावा, पुरी जत्रा. नही टिकनी, तं सुरतवालाना जाहिरातना फुगा सांगी ठेयेल शे, चाचा.”

सकाळी वारा ईशान्येचा होता, एकसारखा. फकीरभाईंनी खुंटा ठोकला आणि दोरी सोडली. पाटी नदीच्या अंगाला चढत गेली, थरथरली आणि स्थिर झाली. हजार माना वर झाल्या. घोडेवाले, चहावाले, नाल ठोकणारे, सगळे ओठ हलवत वाचत होते. दुपारपर्यंत फकीरभाईंनी नीट जेवणही केलं नाही. लोक वाचताना कसे दिसतात, तेच ते बघत राहिले.

तीनच्या सुमाराला रिंगणात काहीतरी बिघडलं. गिऱ्हाइकाला चाल दाखवायला घोडी तिथे फिरवतात. एक घोडी धावता धावता मधेच अडली. मग दुसरी. दोघी त्याच जागी. तिसरी सुकलालआप्पांची, काळी, कपाळावर चांद असलेली. आप्पांनी तिला घरच्या लेकीसारखी वाढवलेली. ती त्या जागी आली, कान मागे टाकले आणि दोन पायांवर उभी राहिली.

करमसिंग म्हणून बाहेरगावचा व्यापारी तिच्यासाठी दोन दिवस थांबला होता. त्यानं काठी काखेत घातली. “आप्पा, घोडी बुजरी शे.”

“आज पावत कधी बुजनी नही ती.”

“मंग आज शिकनी.” भोवतालचे हसले. बुजरी हा शब्द एकदा लागला की घोडी त्या बाजारात विकली जात नाही, पुढच्या वर्षीही नाही. आप्पा तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. जमिनीत काय आहे म्हणून दोघातिघांनी माती उकरली, तर माती तेवढी निघाली. मग सगळे पुन्हा वर बघू लागले.

फकीरभाईंना राहवलं नाही. दोरी खुंट्याला बांधून ते त्या जागेपर्यंत गेले. कोरडी धूळ, खुरांच्या खुणा. त्या खुणांवरून एक फिकट काळसर पट्टा हलत होता, पुढे येत होता, मागे जात होता. सकाळी तो पलीकडच्या हरभऱ्यात असणार. सूर्य कलला तसा तो चालत इथवर आला. चाळीस वर्षं त्यांनी भिंतींवर लिहिलं होतं. भिंतीवरच्या पाटीची सावली पडत नाही.

रतिलाल खुंट्याजवळ आला होता. “चाचा, आते दोन घंटा शेतंस फक्त. काय शोधी ऱ्हायनात?”

फकीरभाई परत आले आणि त्यांनी दोरी सोडवली. “आप्पा, एकदाव परत फिरावा घोडी.”

“चाचा, आजून हसू करशात का मन्हं?”

“फिरावा. मी दोरी धरीसन सरकस.”

ते दोरी धरून वीस पावलं डावीकडे चालले. घोडी आली, जुनी जागा सरळ ओलांडून गेली आणि वीस पावलं पुढे अडली. फकीरभाई पुन्हा सरकले. अडण्याची जागाही सरकली. आता सगळ्यांनी खाली पाहिलं. करमसिंग वाकला, सावलीवर त्यानं तळहात धरला आणि वर बघितलं.

“लिखनारा चुकना,” फकीरभाई म्हणाले. “घोडीमा काही खोट नही.”

त्यांनी दोरी ओढायला घेतली. कापड खाली आलं तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. काळी घोडी मोकळ्या रिंगणात एका चालीत फिरली आणि करमसिंगनं आप्पांच्या हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटं धरली. तिथे सौदा असाच होतो.

रतिलाल फोन काढून उभा होता. “चाचा, मी काय म्हनू… घोडासना बाजारमा हाई जमाव नही. फुगाबी मंग नही जमाव.”

फकीरभाईंनी पाटीची घडी घातली, ती काखेत मारली. मग खुंट्यापासून अडलेल्या जागेपर्यंत ते पावलं मोजत गेले. तिथे थांबून सूर्याकडे पाहिलं, खिशातल्या पेननं तळहातावर पावलांचा आकडा आणि वेळ लिहिली, आणि घोड्यांच्या रांगेमधून बाजाराबाहेर निघून गेले.