शेगडीचे दोन झरोके

गाडी विकली, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच. का विकली, ते तिलाही नीट माहीत नाही. फोनवर आम्ही "आजोबांना आता झेपत नाही" एवढंच म्हणालो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. नोकरीभर मी तीच भाषा शिकवली. पण यात तुमच्या आत्याआजी बोलतात आणि त्यांचं बोलणं माझ्या इंग्रजीत येत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

सुरुवात तुमच्याच व्हिडिओने झाली. भाड्याच्या मोटरहोममध्ये तुम्ही चौघं, काचेबाहेर बर्फ, आणि आत अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून पत्ते खेळताय. आजोबांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. बर्फाचं त्यांना कौतुक नव्हतं. "आत किती ऊब आहे बघ," म्हणायचे.

त्यांची छाती जिनिंगच्या कारखान्यात गेली. तीस वर्षं कापसाची धूळ. बुलढाण्याची थंडी पडली की न्हाणीघरापासून खुर्चीपर्यंत येतानाही त्यांना दम लागायचा. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी एकदा बघायची, हे मात्र लग्नापासून ऐकत आले आहे. आधी नोकऱ्या, मग तुमच्या आईचं शिक्षण, मग घर. आता तिकडचा उन्हाळा सोसायचा नाही, पावसाळ्यात श्वास अडतो, म्हणजे राहिला हिवाळा, आणि तिकडचा हिवाळा आपल्याहून कडक. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "जायचं तर या एकदोन हिवाळ्यांत जा. नंतर मी हो म्हणणार नाही."

म्हणून गाडी. एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. चिखलीच्या एका मेकॅनिकने तिच्यात दोन बाकं, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. गाद्या समोरच्या गादीवाल्या चाचांनी शिवल्या. दीड महिन्यात सगळं झालं. फक्त ऊब कशी आणायची ते ठरेना.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी वहीत पानाचे दोन भाग पाडले, डावीकडे वीज, उजवीकडे गॅस. विजेचा हीटर दोन हजार वॅटचा. घरातून वायर ओढून लावला तर गाडी छान तापली, पण पाण्याची मोटर सुरू होताच घराचा खटका पडला. गाडीच्या बॅटरीवर तो अर्धा तासही चालेना. तुमच्याकडे गाड्या उभ्या करायच्या जागी विजेचे खांब असतात. इथे ढाब्यावाला फोन चार्ज करू देईल, हीटर लावू देणार नाही. विजेची चादर मात्र शंभर वॅटची, ती बॅटरीवर बराच वेळ पुरते. मी चादरीच्या बाजूची होते. आजोबा म्हणाले, "म्हणजे पांघरुणात बसून देश बघायचा? त्यापेक्षा दवाखान्यातच झोपतो की!"

मग गॅसची शेगडी आली. छोटं सिलेंडर, पुढे जाळी, पेटवली की जाळी लाल होते. मेकॅनिकने एक गोष्ट तीनदा सांगितली. परदेशी गाड्यांत ज्योत बंद डब्यात असते, हवा बाहेरून घेते आणि धूर नळीने बाहेर सोडते. ही शेगडी आपल्याच खोलीतली हवा जाळते, आणि हवा कोंडली तर वास नसलेला विषारी वायू सोडते. म्हणून त्याने पत्रा कापून दोन झरोके केले, एक तळाशी आणि एक छताजवळ. शेगडीबरोबरचं इंग्रजी पुस्तक मी पूर्ण वाचलं. त्यातलं मुख्य वाक्य मराठीत लिहून आतल्या दाराला चिकटवलं: शेगडी पेटलेली असताना दोन्ही झरोके उघडे ठेवावेत.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी शेवटची चाचणी ठरली. दोन ते चार दार लावून आत बसायचं आणि आजोबांना त्रास झाला नाही तर पुढच्या आठवड्यात निघायचं. आभाळ आलं होतं, वारं सुटलं होतं. तुमच्या आत्याआजी, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण, अमडापूरहून आल्या होत्या. मी त्यांना आक्का म्हणते. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन त्याही आत येऊन बसल्या.

"गाडी हाय का घर हाय बे हे?" त्यांनी भावाला विचारलं. "सैपाकाले जागा हाय, अन् म्हैस कुठी बांधतं?"

"तुला बांधतो मागे," आजोबा म्हणाले.

"बांध बापा. पन आधी खायाले घाल."

शेगडी पेटली. मी दर दहा मिनिटांनी तापमान वहीत लिहीत होते. आकडा चढेना. खालच्या झरोक्यातून वारं सरळ पायांवर येत होतं, वरच्यातून आजोबांच्या मानेवर. ते खोकायला लागले. खोकला थांबेना, डोळ्यांत पाणी आलं.

"काऊन उघडे ठेवले हे?" आक्का म्हणाल्या. "वारा लागून राह्यला ना त्याले!"

"उघडेच ठेवायचे असतात, आक्का. गॅस आहे."

"मास्तरीणबाई, तुमच्या बाळंतपनात खिडकी कोनं बंद केली होती? खाटंखाली शेगडी कोनं ठेवली होती? मेली का पोरगी? सायबीन होऊन बसली ना तिकडं!"

हे खरं होतं. तुमच्या आईच्या वेळी अमडापूरच्या घरात त्यांनीच माझी खोली राखली होती. खिडकीच्या फटींत चिंध्या, दाराला गोधडी, बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओव्याची धुरी. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत, आणि आक्कांनी गावातल्या कितीतरी बायकांना अशा खोल्यांतून सुखरूप बाहेर काढलं होतं. पण ते घर कौलारू होतं. खिडकी कितीही बंद केली तरी कौलांतून हवा खेळायची. गाडीला वरून सलग पत्रा होता. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं, आणि मुलांनो, सुचलंही होतं.

आक्का उठल्या. शेंगांची पिशवी रिकामी करून त्यांनी वरच्या झरोक्यात कोंबली. डोक्याचा रुमाल सोडून खालच्यात. दाराला माझ्या अक्षरातला कागद होता. आक्कांना वाचता येत नाही. मला येतं.

मी बोलले नाही. आदल्याच दिवशी आजोबा मला म्हणाले होते, "तू प्रत्येक गोष्टीत पुस्तक काढतेस." ते मनात टोचत होतं. शिवाय खोकला थांबला. पाच-सात मिनिटांत गाडी तापली. आजोबांनी मफलर काढला, स्वेटरची बटणं सोडली आणि पाय लांब करून म्हणाले, "आक्का, तुझ्यामुळे कुशीनगर जमलं." त्या हिवाळ्यात इतकं मोकळं बोललेलं मी प्रथमच ऐकलं. मनात म्हटलं, दहा मिनिटं राहू दे, मग काढते.

वास नव्हता, धूर नव्हता. आक्का म्हणाल्या, "मले झोप येऊन राह्यली." मी म्हटलं, जेवण जड झालं असेल. माझं कपाळ ठणकत होतं, ते मी चष्म्यावर ढकललं. वहीत तीन वाजताचा आकडा आहे. त्यापुढची ओळ खाली घसरत गेली आहे आणि आकडा मला आजही वाचता येत नाही. माझंच अक्षर वाचता येत नाही हे बघून मी घाबरले. उठून दाराकडे निघाले. दाराशी पडले, कडी हाताला लागली ती ओढली. वारं आत आलं. आजोबा मान टाकून बसले होते, ओठांतून आवाज येत होता, पण शब्द नव्हते. मी ओरडले ते चाचांनी ऐकलं. त्यांनीच आम्हा तिघांना त्यांच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

आक्का आणि मी दुसऱ्या दिवशी सुटलो. आजोबा बारा दिवस होते. घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मशीन विजेवर चालतं, खाटेशेजारी घरघरत असतं, आणि दिवसातला बराच वेळ नळी नाकाला असते. छातीचे डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "प्रवासाचं आता नाव काढू नका."

आक्का गावी गेल्या त्या परत आल्या नाहीत. येईल-जाईल त्याला सांगायच्या, "म्या माह्या हातानं भावाले मारत होतो." हे माझ्या कानावर येत होतं. मी चार महिने गप्प बसले.

मे महिन्यात गाडीला गिऱ्हाईक आलं. गाडी जायच्या आदल्या सकाळी चहा देताना मी आजोबांना सांगून टाकलं. "आक्कांनी झरोके बुजवले ते मी पाहत होते. काय होऊ शकतं तेही मला माहीत होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मलाही दिसत होतं," ते म्हणाले. "कागद माझ्या समोरच होता."

"मग बोललात का नाही?"

"बरं वाटत होतं गं." श्वास घ्यायला थांबले. "तिला फोन लाव."

मी लावला. आजोबा म्हणाले, "आक्का, तुझी चूक नाही. आम्हाला दोघांनाही दिसत होतं."

पलीकडून आक्का म्हणाल्या, "तुमाले दिसत होतं? अन् मले चार महिने जाळलं?" आजोबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला नाही.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. माझ्याशी बोलल्या, पण आता मास्तरीणबाई म्हणत नाहीत. आजोबांनी त्यांना म्हटलं, "येत्या हिवाळ्यात तुम्ही दोघी रेल्वेनं जाऊन या. कुशीनगर बघा आणि मला येऊन सांगा."

"तुह्याबिगर मी काय पाहू तिकडं?" आक्का म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. आजोबांनी सांगितलं म्हणून मी रेल्वेच्या वेळा, बदलायची स्टेशनं, सगळं एका कागदावर उतरवून त्यांना दिलं. ते चष्मा लावून वाचतात आणि विचारतात, "तिकीट काढलंस?" मी म्हणते, बघते. वीज गेली की मशीन बंद पडतं, ऑक्सिजनचा मोठा सिलेंडर सरकवून जोडावा लागतो, आणि ते काम घरात मलाच येतं. मी जाणार नाही हे त्यांना कळतं. तरी ते रोज विचारतात, आणि मी रोज बघते म्हणते.