बापाची सहा मिनिटं

मंडळीत त्यांना सगळे गद्यकाका म्हणत. सव्वीस वर्षं संगीत नाटकांत कामं करून त्यांनी रंगमंचावर एक ओळसुद्धा गायली नव्हती. गळाच नव्हता. ते न्यायाधीश व्हायचे, डॉक्टर व्हायचे, नायिकेचे वडील व्हायचे. येऊन अशी काही बातमी सांगायचे की ती ऐकून दुसऱ्या कुणाला तरी गाता यावं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि संध्याकाळी तालमीला जायचं. गद्य सुरू झालं की प्रेक्षक खोकून घेतात, पिशव्यांतली बिस्किटं काढतात, हे त्यांना पाठ झालं होतं. तरी वाईट वाटायचंच.

नव्या नाटकात मात्र त्यांना घबाड मिळालं. बाप आणि मुलीचा सहा मिनिटांचा प्रवेश, बिनसंगीताचा. आई आजारपणात गेली असं सांगून बापाने मुलीला वाढवलेलं. शेवटी तो कबूल करतो, "तुझी आई मेली नाही. मी तिला घराबाहेर काढलं." त्यावर मुलीचं गाणं. काकांनी ते वाक्य काचा घासताना, दाढी करताना, जिना चढताना इतक्या वेळा म्हटलं की शेजारीण बायकोला हळूच विचारून गेली, "घरात सगळं ठीक आहे ना?"

दिग्दर्शक आणि संगीतकार एकच होता. तिशीतला, हुशार, घाईतला. तिसऱ्याच तालमीला त्याने प्रवेशाखाली व्हायोलिन घातलं.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"फार रिकामं रिकामं वाटतं हो काका."

"रिकामं कुठे? मी बोलतोय ना!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "हे बघ, मी वाक्य टाकतो आणि थांबतो. समोरच्यांना ते पोचलं की पुढचं टाकतो. व्हायोलिन थांबतं का कुणासाठी?"

"लोक गाण्यांना येतात, काका."

सहाची चार मिनिटं झाली, चाराची अडीच. पहिल्या प्रयोगाला काका 'तुझी आई' म्हणून क्षणभर थांबले, तेवढ्यात गाण्याचे सूर सुरू झाले आणि उरलेलं वाक्य त्यांत बुडालं. दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी घाई केली, तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडले. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, "गाण्यातून कळतं की सगळं." गाण्यात तर नुसतं 'आई, तू कुठे' एवढंच होतं.

तिसऱ्या प्रयोगाला बायको आली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "छान झालं हो. पण आई मेल्याचं मुलीला इतक्या उशिरा का सांगितलं?"

"मेली नाही ती!" काका एवढ्या जोरात ओरडले की बायकोच्या हातातली चप्पल खाली पडली.

"मग नीट सांगायचं ना," ती शांतपणे म्हणाली. "माझ्यावर काय ओरडता?"

काका चडफडत अंथरुणावर पडले. बायकोलाच कळलं नाही, तर बाकीच्यांची काय कथा?

चौथ्या प्रयोगाला 'तुझी आई' एवढं म्हणून ते गप्प उभे राहिले. व्हायोलिन संपलं. वादकांना इशारा करायला विंगेतल्या दिग्दर्शकाने हात उचलला, तसा काकांनी आपला पंजा त्याच्याकडे धरला, रस्ता ओलांडताना गाडीला धरतात तसा. त्याचा हात वरच राहिला. काका मुलीकडे वळले. "मेली नाही. मी तिला घराबाहेर काढलं."

कुणी खोकलं नाही. तिसऱ्या रांगेतली एक बाई मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. नायिका गाणं सुरू करायचंच विसरली; नुसती बघत राहिली, आणि मग कापऱ्या आवाजात गायला लागली.

पडदा पडल्यावर काका बोलणी खायच्या तयारीने उभे राहिले. पण दिग्दर्शक धावत आला तो त्यांना मिठी मारायला. "काका, कमाल! या वाक्यात केवढा दम आहे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या तालमीला त्यांच्या हातात नवा कागद पडला. ते वाक्य आता गाण्याचं धृपद झालं होतं. नायिका बापाच्या डोळ्यांत बघून सत्य ओळखते आणि तेच चार वेळा गाते. बापाने फक्त मान खाली घालायची.

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"गरजच नाही ना काका. आता शेवटच्या रांगेपर्यंत कळेल!"

नायिका त्यांना विंगेत गाठून म्हणाली, "काका, मला हे गाताना खोटं वाटतं. मी सांगून बघितलं. ऐकत नाहीत."

"तू गा," ते म्हणाले. "तुझा काय दोष?"

त्यांनी आणखी सात प्रयोग मान खाली घातली. टाळ्या जोरात पडायच्या, आणि प्रत्येक टाळीला त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. बाराव्या प्रयोगाआधी त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, "दुसरा बाप शोध."

शोधायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. नवा माणूस गाणारा आहे. त्या प्रवेशात आता बापालाही एक गाणं आहे म्हणे.