अख्ख्या बिल्डिंगचा नारळ

आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. हल्ली बोईसरला कुठल्याही टॉवरच्या दारात पाऊल टाकलं की वॉचमन आधी गाडीचा नंबर विचारतो, आणि मी चालत आले असं सांगितलं की त्याचा चेहरा दयेनं भरून येतो. त्या दयेचा मला मनस्वी राग आहे. अरे बाबा, तुझा टॉवर कुणाच्या स्वप्नातही नव्हता, इथे सगळीकडे कौलं आणि झावळ्या होत्या, तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर संसार मांडला होता. गाडी घ्यावी लागू नये म्हणूनच ते घर घेतलं होतं. मोठ्या विचारानं घेतलं होतं, आणि विचार माझा होता.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला अणूपासून वीज काढायचा प्रकल्प उभा राहत होता आणि आमचे हे तिथे फिटर म्हणून लागले होते. आम्ही सरावलीला एका खोलीत राहायचो. पावसाळ्यात तिथून पाळीला जायचं म्हणजे शिक्षाच. सायकल चिखलात रुतायची, मग हे सायकल खांद्यावर घ्यायचे. सायकलीवर बसून माणूस जातो असं ऐकलं होतं. आमच्याकडे सायकलच माणसावर बसून जायची. बाजार लांब, डॉक्टर त्याहून लांब. भाजी आणायला निघाले की अर्धा दिवस गेलाच समजा.

तेवढ्यात स्टेशनजवळ ती बिल्डिंग उभी राहिली. तळमजला आणि वर तीन मजले. आज कुणी हसेल, पण तेव्हा आगगाडीतून उतरणारी माणसं मान वर करून तिच्याकडे बघत. खालचे ब्लॉक पटापट गेले. सगळ्यात वरचा मात्र कुणी घेईना. एवढे जिने कोण चढणार, नळाला पाणी चढेल की नाही, वरती ऊन किती लागेल, शंभर शंका. मी मात्र एकदा वर जाऊन आले आणि ह्यांना म्हटलं, हाच. प्रकल्पाची बस खालच्या नाक्यावर यायची. बाजार समोर, स्टेशन पलीकडे, डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी. जिने तेवढे चढायचे, बाकी सगळं चार पावलांवर. समुद्रावरून डोक्यावर पाटी घेऊन चालत बाजार गाठणाऱ्या बाईची मी मुलगी. मला जिन्याची काय भीती दाखवता?

दोन खोल्यांचा तो ब्लॉक आम्ही भाड्यानं घेतला. वर गच्ची होती, तीही ओसाड. आमचा ब्लॉक गच्चीला लागून, म्हणून मी तिथे बोंबील वाळत घालायला लागले. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं दोरीवर टांगायचे, वरून कावळ्यांसाठी जुन्या जाळ्याचा तुकडा. किनाऱ्यापेक्षा झकास वाळायचे. वाळू नाही, कुत्री नाहीत, आणि वारा असा की बघत राहावं. खालच्या मजल्यावर एका वेल्डरची बायको राहायची, उत्तरेकडून आलेली. पहिल्या दिवशी ती नाकाला पदर लावून वर आली आणि आठवड्याभरात कालवणाची कृती विचारायला लागली. आमची गट्टी जमली ती तिथेच.

आता सासऱ्यांविषयी सांगते, कारण ही सगळी हकिकत त्यांच्यासाठीच आहे. त्यांना मी मामा म्हणायचे. खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. तिथे मामा तांडेल होते, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. पण मुलगा समुद्रावर गेला नाही, प्रकल्पात लागला, आणि गावानं मामांना टोचायला सुरुवात केली. तांडेलाचा पोरगा दुसऱ्याच्या कारखान्यात बोल्ट पिळतो, असं नाक्यावर मोठ्यानं बोलायचे. मामांनी कधी उत्तर दिलं नाही. होडी दुसऱ्याच्या हातात देऊन ते किनाऱ्यावर जाळी विणत बसायचे. ह्यांना ते फार लागायचं. मलाही लागायचं, पण मला वाईट वाटण्याआधी राग यायचा.

नव्या घरात दूध उतू घालायचं ठरलं. मामांनी यावं, देवासमोर दिवा लावावा, दोन घास खावेत, एवढाच बेत. हे म्हणाले, साहेबांची जीप मागतो, मामांना त्यातून आणू. मी साफ नाही म्हटलं. उसन्या गाडीतून आलेला माणूस साहेबाचा पाहुणा होतो, आपला राहत नाही. गावावरून एस. टी. येते, आणि आपलं घर थांब्याजवळ आहे, ते काय उगीच?

त्या रविवारी मी चुलीवर दूध ठेवलं आणि खालून गलका ऐकू आला. वाटलं, स्टेशनवर भांडण झालं. एवढ्यात वेल्डरची बायको धापा टाकत वर आली.

"भाभी, नीचे बहुत लोग आये हैं. मेरी रसोई में घुस गये!"

मी दूध उतरवून धावत खाली गेले. तिच्या घरात आमच्या गावच्या तीन बायका उभ्या होत्या. एकीनं तांदळाचा डबा उघडला होता, दुसरी खिडकीतून वाकून बघत होती, आणि तिसरी, बोईसरच्या बाजारात मासळी विकायला येणारी म्हातारी, त्या दोघींना घर दाखवत होती. अगदी मालकिणीच्या थाटात.

"ही खालची चूल, हां," ती सांगत होती. "वर आनखी हायेत."

"मावशी, तुमी इथे काय करता?" मी विचारलं.

"तुजं घर बगतो, आनि काय! केवढं गं बांदलंस!"

मग उलगडा झाला. म्हातारीनं बाजारातून मला गच्चीवर बोंबील टांगताना पाहिलं होतं. आमच्या गावात ज्याचं अंगण त्याचीच मासळी तिथे वाळते. दुसऱ्याच्या अंगणात दोरी बांधायला कुणी धजत नाही, त्यावरून डोकी फुटतात. आणि एका छपराखाली एकच घर असतं. तेव्हा सगळ्यात वरच्या अंगणात जिची मासळी, तिचंच खालचं सगळं, हे म्हातारीला सांगायला कुणी लागलं नाही. तिनं गावात जाऊन सांगितलं, तांडेलाच्या सुनेनं स्टेशनाजवळ तीन माळ्यांचं घर घेतलंय. कुणी शंका काढली की म्हणायची, मी माझ्या डोळ्यांनी बोंबील बघितलेत!

म्हणून अर्धं गाव आलं होतं. काही एस. टी.नं, बाकीचे पहाटेच चालत निघालेले.

मी तशीच खाली बिल्डिंगच्या दाराबाहेर आले. मामा रस्त्यावर उभे होते, ठेवणीतला सदरा, डोक्यावर टोपी, हातात सोललेला नारळ. दुसरा हात कमरेवर ठेवून ते बिल्डिंगकडे बघत होते, आणि त्यांच्याभोवती तीच माणसं उभी होती जी नाक्यावर बोल्टाच्या गोष्टी करायची. आज ती बोटं दाखवून मजले मोजत होती. इतक्या वर्षांत मामांची मान एवढी ताठ मी पाहिली नव्हती. खरं सांगितलं तर मामा ह्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, आणि नाही सांगितलं तर लोक आणखी पाच घरांत घुसणार.

मामांच्या मागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे मी बघितलं. हे म्हणाले, "मी चहाचं बघतो," आणि बाजारात पळाले. प्रसंगाला पाठ दाखवण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मामांना मी जिन्याच्या पहिल्या वळणावर एकटं गाठलं.

"मामा, आपल्या दोनच खोल्या हायेत. सगळ्यात वरच्या. त्या पन भाड्याच्या."

ते थांबले. गुडघा धरून पायरीवर बसले. खालून लोकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आनि गच्ची?"

"सगळ्यांची. कोन वापरत नाय, म्हनून मी वापरते."

"तुला कोन काय बोलत नाय?"

"पयले बोलले. आता सगळी माज्याकडनं बोंबील नेतात. पानी कदी सोडायचं, जिना कोनी कदी धुवायचा, ते पन मलाच विचारतात."

खोटं नव्हतं. वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढायचं तर खालच्यांनी नळ बंद ठेवायला हवेत. त्यासाठी प्रत्येक दार ठोठावून वेळ ठरवून दिली होती ती मीच. पहिल्यांदा सगळे कुरकुरले, मग रांगेला लागले. पण मामांना ते सांगताना मला त्यात फुशारकी वाटली नाही. मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं.

मामा भिंतीला हात टेकून उठले आणि जिना चढायला लागले. माझ्या दाराशी थांबतील असं वाटलं, पण ते थेट गच्चीवर गेले. पाठोपाठ गाव. तिथे बोंबलांच्या माळा वाऱ्यावर हलत होत्या. एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला सालवडकडची शेतं, आणि लांब पश्चिमेला ताडांच्या शेंड्यांवर समुद्राची उजळ रेघ. इतक्या उंचीवरून आपला मुलूख कुणीच पाहिला नव्हता.

"पोरी," मामा म्हणाले, "खालच्या सगळ्यांना वर बोलाव. पोरंबाळं पन."

मी दारोदार जाऊन बोलावलं. वेल्डरची बायको आली, गुजराती मास्तर आले, प्रकल्पातले दोन बिऱ्हाडकरू आले. गच्ची भरून गेली. एव्हाना म्हातारीच्या कानावर खरी गोष्ट गेली होती आणि तिच्याकडून सगळ्यांच्या. नाक्यावरचा एक जण हसत पुढे आला.

"तांडेला, दोन खोल्या दाखवायला आमाला एवढं चालवलंस होय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला. ते सरळ पश्चिमेच्या कोपऱ्यात गेले, जिथे कठड्याच्या दोन भिंती मिळून टोक झालं होतं. नवी होडी पाण्यात घालताना तिच्या नाकाडावर वाहतात तसं त्यांनी त्या टोकाला हळदकुंकू वाहिलं आणि एका घावात नारळ फोडला. पाणी कठड्यावरून ओघळलं.

मग ते त्या माणसाकडे वळले.

"होडीत तांडेल बसतो तेवा त्याला जागा किती लागते रे?"

तो इकडेतिकडे बघायला लागला.

"सुकानाजवळ हातभर. बाकीची होडी खलाशांची, जाळ्यांची, मासळीची. मालक तर बंदरावर बसतो. तरी गाव होडी कोनाची म्हनतो?"

"तांडेलाची," मागून म्हातारीच ओरडली, आणि माणसं हसली. तो माणूसही हसला. दुसरं काय करणार?

मामांनी कोयत्यानं खोबऱ्याचे तुकडे केले. वेल्डरची मुलं हात पुढे करून उभी होती, पण मामांनी त्यांना थांबवलं. नव्या होडीच्या नारळाचा पहिला तुकडा आमच्याकडे तांडेल खातो. त्याच्याआधी कुणी हात लावत नाही, मालकसुद्धा. हे गच्चीवरच्या आमच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, आणि मामांनी आजवर तो मान कधी दुसऱ्याला दिला नव्हता.

ते तुकडा घेऊन माझ्यासमोर आले. मी पदर पसरला.

"पदर नाय," ते म्हणाले. "हात कर पुडे."

सगळ्या गावासमोर त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाईपर्यंत समोरून हलले नाहीत.