नाना नावाचं गाव

जुईच्या बालवाडीच्या मुलाखतीचा दिवस ठरला आणि माझी झोप उडाली. घरी अखंड बडबडणारी ही मुलगी परक्या माणसासमोर ओठ शिवल्यासारखी बसते. देवपुरातल्या त्या शाळेत बाईंनी विचारलं आणि हिनं तोंडच उघडलं नाही तर? प्रवेश गेला, आणि दोष माझा. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून मी तिला रोज ऑफिसात आणते, टेबलाखाली चटईवर बसवते. तिथं मूल काय शिकणार, डोंबल?

झोप येईना की मी ऑफिसातले किस्से आठवते. कापसाच्या गाठींसारखे ते एकावर एक रचले गेलेत. एक ओढला की दुसरा अंगावर येतो.

आमचं काम धुळ्यात, एका छोट्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये. शेतकरी संस्थांच्या सभासदांची माहिती भरायची. एका ओळीत एक माणूस : नाव, आडनाव, गाव. मधे कॉमा, नाहीतर उभी रेघ. मग 'कट' नावाची कमांड द्यायची, की फक्त गावांचा कॉलम वेगळा निघतो. केळीच्या घडातून हवी ती एकच फणी काढावी तसा.

सेंटरात माझ्याबरोबर काम करणारा विलास पहूरचा. एका फाइलीत मधे उभ्या रेघा होत्या, त्यानं कमांडमध्ये रेघ तशीच टाकली. ती अवतरणचिन्हांत घातली नाही तर मशीन कमांड तिथंच तोडतं आणि सापडत नाही म्हणून ओरडतं. विलासला वाटलं, फाइलच हरवली. सगळी सकाळ तो फ्लॉपींचे डबे उपसत होता. मी येऊन रेघेच्या दोन्ही बाजूंना चिन्हं टाकली आणि गावं धडाधडा उतरली. विलास खाली बसला. म्हणाला, "एवढ्याशा टिकल्यांसाठी माझा जीव घेतला की हो ह्या कमांडनं!"

मग पाकिटांवरचे पत्ते. तिसरा कॉलम गावाचा, म्हणून मी तोच काढला, छापला, पाठवला. आठवड्यानं संस्थेचे सेक्रेटरी एक पाकीट घेऊन दारात उभे.

"ताई, हाई नाना नावनं गाव कोठे शे?"

मलाच साधे तीन कॉलम मोजता येत नाहीत, याची खात्री पटली. फाइल उघडली, तर विलासनं आपल्या गावच्या म्हाताऱ्यांची नावं भरताना आडनावापुढं कॉमा देऊन 'नाना', 'आबा', 'भाऊ' घातलं होतं. एक कॉमा वाढला, गाव चौथ्या घरात सरकलं. विलासला विचारलं, तर तो कानकोंडा झाला. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं कसं लिहायचं, म्हणे. आमचे मालक, ज्यांना सगळे आबाच म्हणतात, ते मात्र पाकिटं चाळत खुशीत होते : "हयातीत आपल्या नावाचं गाव झालं, आणखी काय पाहिजे?"

त्याच आबांना एकदा गाव आधी आणि नाव नंतर हवं होतं. मी 'कट'ला सांगितलं, तीन, एक. तिनं दिलं एक, तीन. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. बाळंतपणात माझी अक्कल गेली ती परत आलीच नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. विलासनं मॅन्युअल वाचलं तेव्हा कळलं, तुम्ही कशाही क्रमानं मागा, ती फाइलीतल्याच क्रमानं देते. हायसं वाटलं. आबा म्हणाले, "आमच्या मोठ्या काकूसारखी शे. पंगत काहीही मागो, वाढणार आपल्याच क्रमानं."

तर, मुलाखत. बाईंनी जुईला चेंडू दाखवला. गप्प. पोपटाचं चित्र दाखवलं. गप्प. मी पुढं होऊन उत्तर द्यायला लागले, तर बाईंनी हातानंच मला थांबवलं. माझ्या पदराच्या टोकाचा बोळा झाला होता. बाईंनी समोरचा कागद मिटायला घेतला आणि शेवटचं म्हणून विचारलं, "बरं, तुझं पूर्ण नाव तरी सांगशील?"

जुईनं पहिल्यांदा बाईंकडं नीट पाहिलं.

"मधे काय टाकू? कॉमा की उभी रेघ?"