सरळ रेघ

आमच्या भावजींना सगळे मास्तर म्हणत. माझे धाकटे दीर, पण शिलाईच्या दुकानात वाकून वाकून माझ्याहून म्हातारे दिसायला लागले होते. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणत, "वहिनी, एक मशीन सांभाळतो ती पुरे. तीही कुरकुरते." कोणी शिवण शिकायला आलं की पहिला धडा ठरलेला. कापडाशी कुस्ती करायची नाही. सुईखालचे दाते कापड आपण होऊन पुढे नेतात, आपण नुसता हात ठेवायचा. जो ढकलतो त्याची टीप वाकडी.

वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना ते शिडीवरून मानेवर पडले. मणक्याच्या आतली नस दुखावली. पाय गेले. हात खांद्यातून जेमतेम हलत. मी भरवायचे. तिसऱ्या महिन्यात इस्पितळातल्या रोबोवर आठ आठवड्यांची पाळी मिळाली. सुधारणा दिसली तर पाळी वाढणार होती. भावजींना एवढंच हवं होतं की घास आपल्या हाताने तोंडापर्यंत जावा. म्हणाले, "तीस वर्षं तुमच्या हातचं खाल्लं. आता तुमच्या हाताने खातोय. फरक आहे, वहिनी."

रोबो म्हणजे एक लोखंडी हात. त्यात भावजींचा हात पट्ट्यांनी बांधायचा. समोरच्या पडद्यावर हिरवी वाट, तिच्यावरून एक ठिपका न्यायचा, त्याच्यामागे रेघ उमटायची. थेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की प्रयत्न तुम्ही करा, कमी पडेल तेवढं मशीन देईल. भावजींनी मान हलवली. मी शेजारच्या स्टुलावर नाम घेत बसायचे आणि घरी आल्यावर वहीत लिहायचे. रेघ सरळ. आजही सरळ. देवाची कृपा. भावजी थट्टा करायचे, की हा रोबो माझ्याहून चांगला कारागीर, चहासुद्धा मागत नाही.

आठव्या आठवड्यात तपासणी होती. बाईंनी मशीनची मदत कमी केली, आणि भावजींचा हात ठेवला होता तिथेच राहिला.

"मास्तर, जोर लावा."

"लावला तर वाकडं जाईल."

बाईंनी विचारलं, "मग इतके दिवस लावत नव्हता?"

"मशीन नेत होतं, बाई," भावजी म्हणाले. "मी अडवलं नाही."

बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की चूक माझीही आहे, रेघ इतकी सुरेख येत होती की मदत आधी कमी करायचं सुचलंच नाही. पण दुखापतीनंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात, तेही त्या बोलून गेल्या. पाळी वाढली नाही. बाहेर बाकावर पुढच्या पाळीची रुग्ण बाई हात मांडीवर ठेवून बसलीच होती.

घरी आल्यावर भावजींनी वही वाचायला लावली. पानामागून पान, सरळ, सरळ. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारच्या पानावर मी थांबले. लिहिलं होतं, "आज रेघ फार वाकडी. हात थरथरत होता, भावजी घामाघूम. देवा, उद्या सरळ येऊ दे."

त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं होतं, "सावकाश भावजी, सैल सोडा हात." त्यांनी ऐकलं. देवानेही ऐकलं.

भावजी म्हणाले, "त्या दिवशी खांदा दुखला होता, वहिनी. चांगला दुखला होता."

मला रडू आलं. ते म्हणाले, "वही भिजेल."

आता दुपारी मी त्यांच्या तळहाताला पट्टीने चमचा बांधते आणि समोर बसते. हात थरथरत उठतो, निम्मं अंगावर सांडतं. ते सांगेपर्यंत मी पुसत नाही. माप त्यांनीच ठरवलंय, शर्टाची बटणं. खालून मोजायचं. पहिल्या महिन्यात चमचा तिसऱ्या बटणापर्यंत आला. त्याला आता पाच महिने झाले. रोज मी तिसऱ्या बटणापाशी थांबते, मनात शंभर मोजते, मग त्यांचा हात धरून वर नेते. ते तोंड उघडतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

संध्याकाळी वहीत लिहिते, तिसरं बटण. देवाकडे काय मागावं ते कळत नाही, म्हणून तेवढंच लिहून वही मिटते.