तबकातली सहा अक्षरं

आमच्या मुरुडच्या घरी सून सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले दहा-अकरा महिने मामंजींनी माझा आवाज ऐकला तो फक्त मांजराला हाकलताना. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच होती.

मामंजी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना एकच नाद, बोटीने एक दिवस शिळा होऊन येणारा मुंबईचा इंग्रजी पेपर. त्यात रोज एक कोडं असे. इतक्या अक्षरांचे शब्द शोधा, आणि त्यात अमुक अक्षरं आलीच पाहिजेत. दुपारी चारला शेजारचे मास्तर येत. सगळं आयुष्य उर्दू शाळेत गेलेलं, पण इंग्रजीचा तोरा मामंजींहून दोन बोटं जास्तच. मग ओटीवर दोघांची अशी जुंपे की वाडीतले कावळे उडत.

आत मी चहा उकळत ठेवून कान टवकारून बसे. परीक्षेला तीन महिने उरलेले असताना, चांगलं स्थळ आलं म्हणून वडिलांनी मला मॅट्रिकच्या वर्गातून उठवून बोहल्यावर उभं केलं होतं. पुस्तकं मी ट्रंकेत लुगड्यांखाली दडवून आणली होती. परीक्षेला बसायचंच, हे मनात पक्कं होतं. नवरा मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा येई. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबांना विचार." आता ज्यांच्याशी बोलायचंच नाही त्यांना विचारणार काय, कपाळ!

एके दिवशी कोडं होतं पाच अक्षरी, त्यात सी, ई आणि एन. 'डान्स' झाला, 'फेन्स' झाला, आणि गाडं अडलं. घरामागे समुद्र गर्जतोय आणि या दोन विद्वानांना 'ओशन' सुचेना! मला काही राहवेना. चहानंतर सासूबाई पानसुपारीचं तबक ओटीवर नेत. मी अडकित्ता घेऊन सुपारी कातरली आणि तबकात काप मांडून पाची अक्षरं लिहिली.

तबक बाहेर गेलं. मग मामंजींचा आवाज आला, "या घरात इंग्रजी सुपारी कोणी कातरली?"

"माझ्याकडे काय बघता?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं.

मामंजी खो खो हसले आणि अख्खा 'ओशन' पानात घालून खाऊन टाकला. त्या दिवसापासून रोज हाच खेळ. ओटीवरून कोडं मोठ्याने वाचलं जाई, आणि उत्तर तबकातून जाई. मास्तर कुरकुरत, "भाऊ, हे बराबर न्हाय. तुमच्याकडं दोन डोकी हायत, माझ्याकडं एकच." इतकी मजा मला शाळेतही आली नव्हती.

थंडी सुरू झाली, फॉर्म भरायची मुदत संपत आली. त्या दिवशी कोडं निघालं सहा अक्षरी, त्यात सी, टी आणि आर. 'डॉक्टर' झाला, 'कार्पेट' झालं. मास्तर ओरडले, "क्रिकेट!" मामंजी म्हणाले, "सात होतात." मी अडकित्ता उचलला. तबकात मांडलं, मॅट्रिक.

बाहेर मास्तर म्हणाले, "हा शब्द डिक्शनरीत न्हाय. धरायचा न्हाय." थोड्या वेळाने सासूबाई तबक परत घेऊन आल्या. एकही काप हललेला नव्हता.

आमच्याकडे पुढे केलेली सुपारी न खाता परत पाठवली की तो नकार. तोंडाने बोलायची गरजच नाही. मी चुलीशी बसून धुराच्या निमित्ताने पोटभर रडले. सासूबाईंनी मात्र ते काप एकेक वेचून डब्यात भरले. सुपारीचा कसला एवढा लोभ, म्हणून मला त्यांचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मामंजी पहिल्या एसटीने कुठेतरी निघून गेले. दिवेलागणीला परतले ते रेवदंड्याची खाडी दोनदा तरीतून ओलांडून, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या धोतराने. थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"सूनबाई, हा अलिबागहून फॉर्म आणलाय. सही तुझी लागेल."

मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. मग रीत गेली चुलीत, फटकन म्हणून गेले, "पण तुम्ही तर सुपारी परत पाठवलीत!"

"मग काय परीक्षेआधीच मॅट्रिक खाऊन टाकू? पास हो. मग खातो."

मी हसले, रडले, आणि दूध उतू गेलं. सासूबाई त्यासाठीसुद्धा रागावल्या नाहीत.

निकाल लागला जूनमध्ये. बोटी बंद, म्हणून पेपर एसटीने दोन दिवस उशिरा आला. मामंजींनी बोट फिरवत माझा नंबर शोधला आणि एवढ्यांदा ओरडले की मास्तर पायात चपला न घालता धावत आले. मी तबक करायला आत पळाले, तर ते तयारच होतं. सासूबाईंनी डब्यातले ते जुने काप काढून मांडून ठेवले होते. रोज तबक नेता नेता अक्षरांची ओळख झालेली, आणि त्या दिवशी परत आलेल्या तबकातली ही सहाही त्यांनी डोळ्यांत साठवली होती. एम, ए, टी, आर, आय, सगळी जागच्या जागी. फक्त शेवटचा सी उलट्या तोंडाचा.

ओटीवर मी तो सरळ करायला हात पुढे केला. मामंजींनी अडवला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि सगळ्यांत आधी तोच सी उचलून तोंडात टाकला.